नको त्या अपडेटची चौकट: आधी बोलणारा शोधा

काका पोस्टातून निवृत्त झाले. मिरजेच्या घरी त्यांचा डेस्कटॉप देवघराशेजारच्या टेबलावर असतो. सकाळची पूजा आटोपली की कॉम्प्युटर लावायचा आणि चहाबरोबर पेपर वाचायचे, हा नेम. बरोबर दहा वाजता पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात एक निळी चौकट वर सरकायची: नवी आवृत्ती आली आहे, आत्ता घेता की नंतर? काका 'लेटर'वर क्लिक करायचे. "अगं, जन्मभर लेटरंच हाताळली, आता हे रोजचं एक," असं वर मला म्हणाले.

चौकट कशाची होती? कधीकाळी घेतलेल्या कॅमेऱ्यासोबत सीडीवर आलेल्या फोटोच्या सॉफ्टवेअरची. कॅमेरा भाचीला देऊन किती वर्षं झाली ते काकांनाही आठवत नव्हतं. सॉफ्टवेअर मात्र इमानेइतबारे रोज दहाला हजर.

अशा चौकटी बहुतेक घरांत असतात आणि बहुतेक जण काकांसारखंच करतात: बंद करतात, उद्या पुन्हा बंद करतात. चौकट हे फक्त तोंड आहे. मागे एक छोटा प्रोग्रॅम बसलेला असतो, त्याला अपडेटर म्हणतात, आणि तो मूळ सॉफ्टवेअरपेक्षा वेगळा असतो. म्हणूनच मूळ सॉफ्टवेअर काढून टाकल्यावरही कधीकधी अपडेटर मागे राहतो. तेव्हा चौकट कशी बंद करायची हे विचारू नका, बोलतंय कोण ते विचारा. पुढचं सगळं त्या उत्तरावर ठरतं. मी विंडोज १० आणि ११ धरून लिहिते आहे. मेनूतली नावं इंग्रजीत दिसतात तशीच देवनागरीत दिली आहेत.

"राहू दे की, काय बिघडतंय?" असंही कोणी म्हणेल. अपडेटरला तुमच्या कॉम्प्युटरवर नवे प्रोग्रॅम बसवण्याची मुभा असते. घराची किल्ली आपण त्याच्याकडे देऊन ठेवलेली असते. जून २०१७ मध्ये युक्रेनमधल्या मी-डॉक नावाच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमध्येच कुणीतरी नॉटपेट्या हा व्हायरस घुसवला. तो पसरत मर्स्क या जहाज कंपनीपर्यंत गेला आणि आपल्या न्हावाशेव्याच्या बंदरात त्याच समूहाकडे असलेल्या टर्मिनलचं काम अडलं. घरगुती कॉम्प्युटरवर एवढं रामायण होईल असं नाही. पण वापरातच नसलेल्या सॉफ्टवेअरकडे किल्ली ठेवायची कशाला?

चौकट कोणत्या जातीची आहे

चौकट दिसली की तिच्यातलं काहीही दाबू नका. घड्याळ बघा आणि वेळ कागदावर लिहून ठेवा. हे पुढे फार कामाला येतं. मग नीट बघा, कारण अशा चौकटी चार जातींच्या असतात.

पहिली जात विंडोजच्या सूचनेची. उजव्या कोपऱ्यात खाली सरकत येते आणि तिच्यावर पाठवणाऱ्याचं नाव असतं. तिथे क्रोम किंवा एज या ब्राउझरचं नाव आणि जोडीला एखाद्या वेबसाइटचा पत्ता दिसला, तर प्रकरण सॉफ्टवेअरचं नाहीच, ते ब्राउझरचं आहे. त्याबद्दल खाली वेगळं लिहिलं आहे.

दुसरी म्हणजे प्रोग्रॅमची स्वतःची चौकट, काकांची होती तशी. तिसरीत सगळा पडदा काळवंडतो आणि मध्ये प्रश्न येतो की या अ‍ॅपला तुमच्या कॉम्प्युटरमध्ये बदल करू द्यायचे का. हा प्रश्न विंडोज विचारतं, पण विचारायला लावणारा दुसराच असतो. तिथे 'शो मोअर डिटेल्स' उघडलंत की प्रोग्रॅम कोणत्या फोल्डरमधून आला ते दिसतं. 'व्हेरिफाइड पब्लिशर' म्हणून कंपनीचं नावही असतं. दोन्ही लिहून घ्या आणि 'नो' दाबा. 'नो' दाबल्याने काही बिघडत नाही.

चौथी जात सरळ ठगांची. पडदाभर लाल पान, कर्कश आवाज, 'तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे, या नंबरवर फोन करा'. ते एक वेबपेज असतं, बाकी काही नाही. ऑल्ट आणि एफ-४ दाबून ब्राउझर बंद करा. नंबर लावायचा नाही, हे घरातल्या ज्येष्ठांना आधीच सांगून ठेवा.

ब्राउझरमध्ये व्हिडिओ आणि खेळ चालवणाऱ्या जुन्या फ्लॅश प्लेयरचं अपडेट आलंय असं कुणी सांगत असेल, तर तेही याच चौथ्या जातीत टाका. अडोबीने फ्लॅश ३१ डिसेंबर २०२० ला बंद केला आणि १२ जानेवारी २०२१ पासून तो चालणंही थांबवलं. मेलेल्या माणसाला नवे कपडे कोण शिवतं? विंडोजवरचा क्विकटाइम हा अ‍ॅपलचा व्हिडिओ प्लेयरही तसाच. त्याचा पाठिंबा कंपनीने २०१६ मध्येच काढून घेतला. दोन्हीपैकी काही सापडलं तर विचार न करता काढून टाका.

बोलणाऱ्याचा पत्ता

चौकटीवर नाव असेल तर प्रश्नच नाही. पण पुष्कळदा नुसतं 'अपडेट अव्हेलेबल' एवढंच लिहिलेलं असतं. अशा वेळी चौकट पडद्यावर असतानाच कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तिन्ही कळा एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. 'प्रोसेसेस'च्या यादीत अपडेट, अपडेटर, शेड्यूलर असं काही नाव शोधा. त्यावर राइट क्लिक करून 'ओपन फाइल लोकेशन' घ्या. जो फोल्डर उघडेल त्याच्या नावात कंपनी सापडते. तरीही नाही कळलं तर त्या फाइलच्या 'प्रॉपर्टीज'मधला 'डिटेल्स' हा भाग बघा, तिथे प्रॉडक्टचं नाव लिहिलेलं असतं.

यादीत काहीच ओळखू येत नसेल तर प्रोसेस एक्सप्लोरर हे मायक्रोसॉफ्टचंच फुकट मिळणारं साधन उतरवून घ्या. त्याच्या वरच्या पट्टीत नेम धरण्याच्या खुणेसारखं एक गोल चिन्ह असतं. ते माउसने धरून ओढायचं आणि त्या आगाऊ चौकटीवर नेऊन सोडायचं. चौकट ज्या प्रोग्रॅमची, ती ओळ यादीत आपोआप उजळते. मला ही युक्ती कळली त्या दिवशी मी उगाचच दहा-बारा चौकटींवर नेम धरून बघितले होते.

आता ठरवा: ठेवायचं की घालवायचं

इथे घाई नको. 'मी वापरत नाही' आणि 'घरात कुणी वापरत नाही' यात फरक असतो. मावशीच्या घरी मी एकदा प्रिंटर कंपनीच्या नावाच्या पाचही नोंदी सपाट्याने उडवल्या. चौकटी गेल्या, मी शाबासकी घेऊन घरी आले. आठवड्याने ऐन अ‍ॅडमिशनच्या फॉर्मच्या वेळी स्कॅनर चालेना, कारण त्या पाचांतली एक नोंद स्कॅनरच्या ड्रायव्हरची, म्हणजे कॉम्प्युटरला स्कॅनर चालवायला शिकवणाऱ्या प्रोग्रॅमची होती. रात्री अकराला फोनवरून मावशीला ड्रायव्हर पुन्हा बसवायला सांगणं म्हणजे काय असतं ते ज्याचं त्यालाच कळतं. प्रिंटरच्या बाबतीत फक्त 'अपडेट', 'सर्व्हे' किंवा 'शॉप' असं नाव असलेल्या नोंदी काढा, बाकीच्यांना हात लावू नका.

पीडीएफ वाचायच्या सॉफ्टवेअरचंही तसंच. पीडीएफ नुसती वाचायची असेल तर ब्राउझर पुरतो आणि अ‍ॅक्रोबॅट रीडर घरात नसला तरी चालतं. पण डिजिटल सहीचा सातबारा किंवा ई-आधार उतरवून त्यावरची सही खरी आहे का हे तपासायचं असेल, तर ते ब्राउझर करत नाही, रीडर करतो. शेतीची कागदपत्रं ज्या घरात येतात तिथे रीडर राहू द्या. तो ठेवलात तर त्याचं अपडेटही चालू राहू द्या.

जावा म्हणजे दुसरे काही प्रोग्रॅम ज्याच्या आधाराने चालतात ते सॉफ्टवेअर. त्याची गोष्ट जरा सविस्तर सांगते, कारण घरोघरी तो कधी आणि का बसवला हे कुणालाच आठवत नाही. एके काळी कितीतरी वेबसाइट आणि ब्राउझरमधले खेळ जावाशिवाय उघडायचे नाहीत, म्हणून तो बसवला गेला. क्रोमने २०१५ मध्ये तसले प्लगइन, म्हणजे ब्राउझरला जोडायचे प्रोग्रॅम, चालवणं बंद केलं, फायरफॉक्सने २०१७ मध्ये. म्हणजे ज्या कामासाठी जावा घरात आला ते काम संपून जमाना झाला. मुलं माइनक्राफ्ट या खेळाची जावा आवृत्ती खेळत असतील तरी काळजी नको. तिचा अधिकृत लाँचर, म्हणजे खेळ सुरू करणारा प्रोग्रॅम, स्वतःचा जावा बरोबर घेऊन येतो. लिब्रे ऑफिस या फुकट मिळणाऱ्या ऑफिस सॉफ्टवेअरमध्ये लिहिणं आणि हिशेबाचे तक्ते जावाशिवाय चालतात, डेटाबेसच्या काही कामांना मात्र तो लागतो. आणि घरातलं कुणी टीडीएसची विवरणपत्रं भरत असेल तर थांबा: फाइल तपासणारी एफव्हीयू ही युटिलिटी जावावरच चालते. जावा काढण्याआधी त्या व्यक्तीला विचारा. तिमाहीच्या शेवटच्या तारखेला शिव्या खाण्यापेक्षा ते बरं.

आणखी एक. जावा ज्यांचा, त्या ओरॅकल कंपनीने १६ एप्रिल २०१९ पासून जावा ८ या आवृत्तीच्या परवान्याच्या अटी बदलल्या. घरगुती वापराला तो फुकट राहिला, धंद्याच्या वापराला नाही. घरातूनच व्यवसाय करणाऱ्यांनी अपडेटला 'यस' म्हणण्याआधी हे ध्यानात घ्यावं.

काढायचं ठरलं तर

आधी एक रिस्टोअर पॉइंट बनवा, म्हणजे काही बिघडलं तर विंडोजला आजच्या स्थितीत परत आणता येतं. स्टार्टमध्ये 'क्रिएट अ रिस्टोअर पॉइंट' शोधा आणि जी छोटी खिडकी उघडेल तिच्यात 'क्रिएट' दाबून काहीतरी नाव द्या. बटण फिकं दिसत असेल तर सी ड्राइव्ह निवडून 'कॉन्फिगर'मध्ये ही सोय चालू करावी लागते. पाच मिनिटांचं काम आहे, कंटाळा करू नका.

मग विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, अ‍ॅप्स, 'इन्स्टॉल्ड अ‍ॅप्स' (विंडोज १० मध्ये हेच 'अ‍ॅप्स अँड फीचर्स'). नको त्या नावापुढचे तीन ठिपके दाबा (विंडोज १० असेल तर नावावरच क्लिक करा) आणि 'अनइन्स्टॉल' घ्या. त्याच कंपनीच्या नावाची दुसरी नोंद आहे का तेही बघा, अपडेटर पुष्कळदा वेगळ्या नावाने बसलेला असतो. जावाच्या जुन्या आवृत्त्या तर एकाखाली एक तीन-चार सापडतात.

अनइन्स्टॉल करताना शेवटी एखादी कंपनी 'जाऊ नका, अर्ध्या किमतीत घ्या' म्हणून गळ घालते. तिथली बटणं नीट वाचा. मोठं रंगीत बटण राहण्याचं असतं आणि जाण्याचं बारीक राखाडी अक्षरांत.

झालं की 'रीस्टार्ट' करा, 'शट डाउन' नव्हे. विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शट डाउनने यंत्र पूर्ण बंद होत नाही. पोटातला काही भाग झोपवून ठेवला जातो आणि काढलेल्या सॉफ्टवेअरचे अवशेष तसेच राहू शकतात.

नव्या लॅपटॉपबरोबर आलेलं चाचणीपुरतं अँटिव्हायरस हे तर नाठाळ पाहुणं. मुदत संपली तरी हलत नाही, उलट रोज घाबरवतं. तेही असंच काढा. ते गेल्यावर विंडोजचं स्वतःचं डिफेंडर आपोआप जागं होतं. 'विंडोज सिक्युरिटी' उघडून हिरवी खूण दिसते का तेवढं बघा.

काढलं तरी दहा वाजता आलीच तर

काकांकडे नेमकं हेच झालं. सॉफ्टवेअर काढलं, रीस्टार्ट केलं, चहा झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी काकांचा फोन: "अगं, आली बघ तुझी निळी बाई."

अपडेटर राहण्याच्या जागा ठरलेल्या असतात. पहिली जागा स्टार्टअप. टास्क मॅनेजरमध्ये 'स्टार्टअप अ‍ॅप्स' उघडा (विंडोज १० मध्ये नुसतं 'स्टार्टअप'). कॉम्प्युटर लावल्याबरोबर जे जे उठतं त्यांची हजेरी इथे असते. नको त्यावर राइट क्लिक, 'डिसेबल'. यात काही पुसलं जात नाही. चूक झाली तर तिथेच 'एनेबल' करता येतं, म्हणून नवख्या माणसाने सुरुवात इथून करावी. जावा ठेवायचा आहे पण त्याची टोचणी नको, अशांना 'जावा अपडेट शेड्यूलर' इथेच सापडेल.

काकांच्या यादीत मात्र काही नव्हतं. मग दुसरी जागा: टास्क शेड्यूलर. स्टार्टमध्ये हेच नाव टाइप करा, डावीकडे 'टास्क शेड्यूलर लायब्ररी'वर क्लिक करा. मधल्या यादीत प्रत्येक कामाचं नाव, ते केव्हा चालायचं आणि शेवटी केव्हा चाललं याचे रकाने दिसतात. कागदावर लिहून ठेवलेली वेळ आता बाहेर काढा. 'लास्ट रन टाइम'च्या रकान्यात ती वेळ शोधा. आमच्याकडे एक ओळ होती, तिच्यापुढे लिहिलेलं: रोज सकाळी १०:००. चोर पुराव्यानिशी सापडला. ओळीवर क्लिक केलं की खाली 'अ‍ॅक्शन्स' या भागात फाइलचा पूर्ण पत्ता दिसतो, त्यातही कॅमेरा कंपनीचंच नाव होतं. राइट क्लिक, 'डिसेबल'. 'डिलीट' लगेच करू नका. दोन आठवडे शांततेत गेले की मग करा.

डावीकडे 'मायक्रोसॉफ्ट' आणि त्याच्या पोटात 'विंडोज' असे फोल्डर आहेत, तिकडे फिरकू नका. तिथली कामं विंडोजची स्वतःची आहेत. यादीत गूगल अपडेटच्या ओळी दिसतील, त्याही असू द्या. क्रोम वापरता ना?

तिसरी जागा 'सर्व्हिसेस', म्हणजे पडद्यामागे चालणाऱ्या प्रोग्रॅमची यादी. स्टार्टमध्ये शोधून उघडा, कंपनीच्या नावाची अपडेट सर्व्हिस असेल तर दोनदा क्लिक करून 'स्टार्टअप टाइप' 'डिसेबल्ड' करा. मुख्य सॉफ्टवेअर नीट काढलं असेल तर इथवर यायची वेळ सहसा येत नाही.

जावा ठेवणाऱ्यांसाठी एक खाचखळगा. कंट्रोल पॅनेलमधल्या 'जावा'मध्ये 'अपडेट' हा भाग आहे. तिथे आपोआप तपासण्याची टिक काढता येते. काही आवृत्त्यांमध्ये टिक काढून 'ओके' केलं आणि पुन्हा उघडलं की टिक जागच्या जागी! कारण हा बदल साठवायला अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचा अधिकार लागतो. प्रोग्रॅम फाइल्समध्ये (३२ बिटचा जावा असेल तर एक्स ८६ लिहिलेल्या प्रोग्रॅम फाइल्समध्ये) जावाच्या फोल्डरमधल्या 'बिन' या फोल्डरात जे-ए-व्ही-ए-सी-पी-एल नावाची फाइल आहे. तिच्यावर राइट क्लिक करून 'रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' घ्या आणि मग टिक काढा. टोचणी बंद केलीत की दर दोन-तीन महिन्यांनी स्वतः जाऊन अपडेट करणं तुमच्याकडे आलं. कॅलेंडरवर खूण करा.

चौकट ब्राउझरची असेल तर

हा प्रकार वाढत चालला आहे आणि यात अनइन्स्टॉल करण्यासारखं काही नसतंच. कधीतरी क्रिकेटचा स्कोअर किंवा पंचांग बघताना 'सूचना पाठवू का?' असं विचारणारी पट्टी आली, कुणीतरी 'अलाऊ' दाबलं. त्या दिवसापासून ती साइट कॉम्प्युटरवर हवं ते पाठवू शकते: तुमचं अँटिव्हायरस संपलं, तुमचा ड्रायव्हर जुना झाला, असं काहीही.

क्रोममध्ये सेटिंग्ज, 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी', 'साइट सेटिंग्ज', 'नोटिफिकेशन्स'. खाली परवानगी दिलेल्या साइटची यादी असते. अनोळखी नाव दिसलं की तीन ठिपके आणि 'ब्लॉक'. नुसतं 'रिमूव्ह' केलं तर ती साइट पुढच्या वेळी पुन्हा विचारते. वर, साइटना सूचना पाठवायची विनंतीच करू द्यायची नाही असा एक पर्याय आहे, तो ज्येष्ठांच्या कॉम्प्युटरवर सरळ लावून टाका. एजमध्येही सेटिंग्जमध्ये सूचनांच्या परवानगीची अशीच यादी असते.

विंडोज स्वतःही 'तुमचं सेटिंग पूर्ण करा' म्हणून मध्येच डोकावतं. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, सिस्टीम, 'नोटिफिकेशन्स', अगदी तळाशी 'अ‍ॅडिशनल सेटिंग्ज'. तिथल्या टिका काढा, संपलं.

यांना हात लावू नका

विंडोज अपडेट, ब्राउझरचं अपडेट आणि वापरातल्या अँटिव्हायरसचं अपडेट. कितीही कटकट वाटली तरी ही तीन चालू राहिली पाहिजेत. विंडोज १० चा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्याबद्दलची चौकट गप्प करण्यासारखी नाही. घरगुती वापरासाठीची मुदतवाढ, तीही नोंदणी केलेल्यांनाच, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे.

आणि चौकटी बंद करण्यासाठी एखादं 'पीसी क्लीनर' किंवा 'ड्रायव्हर अपडेटर' बसवायच्या फंदात पडू नका. असल्या सॉफ्टवेअरचा निम्मा धंदाच चौकटी दाखवण्याचा असतो. एक घालवायला गेलात की तीन येतील.

काकांची निळी बाई गेली त्याला आता तीन महिने झाले. गेल्या आठवड्यात सहज फोन केला तर म्हणाले, "दहा वाजलेले कळतच नाही बघ हल्ली. त्या चौकटीवर मी बीपीची गोळी घ्यायचो." मग त्याच टास्क शेड्यूलरमध्ये नवं काम घातलं. आता रोज दहाला नोटपॅड उघडतं आणि त्यात एवढंच लिहिलेलं असतं: काका, गोळी.